येडगे ब्रदरचा हात

सुकेशिनी वाघचौरे हिला मिरजेच्या पाटुकले हॉस्पिटलात स्टाफ नर्सची कायम जागा मिळाली. १४ ऑक्टोबर २०४१ ला पत्र आलं, तिच्या आईनं गल्लीत पेढे वाटले, आणि ज्यांना मधुमेह होता त्यांनीही 'आज असू दे' म्हणत दोन-दोन उचलले.

आता हे झालंच नाही असं आपण धरून चालू. पेढे परत खोक्यात, पत्र परत पाकिटात. आपण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जाऊ; कारण एप्रिलमध्ये सुकेशिनी बेकार होती आणि तिला कुणाचाही हेवा वाटत नव्हता.

नर्सिंगची परीक्षा ती कॉलेजात पहिली येऊन पास झाली होती. त्यानंतर अकरा हॉस्पिटलांत अकरा मुलाखती झाल्या, आणि अकराही एकाच माणसानं घेतल्या असाव्यात असं तिला वाटायला लागलं होतं.

"अनुभव किती?"

"आत्ताच पास झाले, सर."

"मग अनुभव घेऊन या."

"कुठून आणू?"

"ते आम्ही कसं सांगणार? अनुभव तुमचा, तुम्हालाच माहीत."

बारावं हॉस्पिटल पाटुकल्यांचं. तिथं मेट्रन सालोमी मॅडमनी अनुभवाचा 'अ' काढला नाही. त्या म्हणाल्या, "त्या खाटेवरच्या आजींच्या हातावरून हात फिरव." आजींच्या मनगटाच्या वर बोटभर रुंदीची एक पारदर्शक पट्टी चिकटवलेली होती. सुकेशिनीनं हात फिरवला. भिंतीवरच्या पडद्यावर आकडा उमटला : ४४.

"घाबरली आहेस म्हणून," मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून ये. वाढेल."

तो वाढला नाही. पण त्याआधी त्या पट्टीविषयी थोडं सांगायला हवं.

माणसाच्या कातडीत स्पर्शाच्या दोन तऱ्हेच्या नसा असतात. एक चपळ. काटा रुतला, चटका बसला, कुणी चिमटा काढला, की पापणी लवायच्या आत मेंदूला वर्दी. कुठे, किती, कशानं, सगळा तपशील. दुसऱ्या नसा आळशी. त्या केसाळ कातडीत असतात. हाताच्या वरच्या अंगाला, पाठीवर. त्यांना काट्याशी देणंघेणं नसतं. कुणी कोमट हातानं, हलक्या दाबानं, सेकंदाला तीनेक सेंटिमीटर अशा रमतगमत चालीनं हात फिरवला, की त्या जाग्या होतात आणि मेंदूला एवढंच कळवतात : बरं चाललंय, कुणीतरी आहे. तेवढ्यावर नाडी उतरते, श्वास लांब होतो, दुखणं एक पायरी खाली येतं. हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. नवीन झालं ते एवढंच, की या आळशी नसांची कुजबुज कातडीवरून ऐकणारी पट्टी निघाली, आणि स्पर्श करणाऱ्याला शंभरपैकी गुण द्यायची सोय झाली.

कंपनीनं त्या गुणांना लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. मिरजेत पहिल्याच दिवशी त्याचं 'हातगुण' झालं. 'अमक्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे' म्हणून चार दवाखाने ओलांडून पाचव्यात जाणारी माणसं ही. सतारीचा नाद खुलवणारी जवारी कुणाच्या हातची हे कानानं ओळखणारं हे गाव. यंत्रानं हातगुण शोधून काढला याचं आश्चर्य फक्त यंत्रालाच वाटलं.

आश्चर्य संपल्यावर नियम आले. नव्या नर्सला सहा महिने कच्ची नोकरी. सहाव्या महिन्याची सरासरी साठच्या वर गेली तर कायम. खाली राहिली तर नोंदणीवर 'स्पर्शमुक्त' असा शिक्का, आणि रवानगी तळघरातल्या स्पर्शमुक्त विभागात. तिथं बसून पडदे बघायचे, रुग्णांच्या घंटीला माइकवरून उत्तरं द्यायची. हा शिक्का एकदा बसला, की देशातल्या कुठल्याच हॉस्पिटलात रुग्णाच्या अंगाला हात लावता येत नाही. नर्स राहायचं, पण हात वगळून.

सुकेशिनीची आई सिव्हिलमध्ये सव्वीस वर्षं मावशी होती. म्हणजे वॉर्डातली मावशी. भांडी देणारी, चादरी बदलणारी. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं, त्यामुळे आपल्याला इतकी मावसभावंडं कशी, याचं कोडं सुकेशिनीला सातवीपर्यंत सुटलेलं नव्हतं. सव्वीस वर्षांत आईनं हजारो माणसं धरून ठेवली, इंजेक्शन मात्र दुसऱ्यांनीच दिलं. सिरिंजला हात लावायचा तिला हक्क नव्हता. 'माझी पोरगी लावेल' हे वाक्य ती इतक्या वेळा म्हणाली होती की सुकेशिनीला दुसरं काही व्हायचं सुचलंच नाही. आता तिच्याही हातावर 'लावू नये' असं लिहिलं जाण्याची वेळ आली होती. सरकारी शिक्क्यानिशी.

पहिल्या दिवशीचा तिचा पहिला रुग्ण म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक कुंभोजकर काका. तिनं सलाईनची सुई एका टोचण्यात बसवली. पुस्तकातल्या चित्रातही इतकी छान बसत नाही. मग धीर द्यायला म्हणून काकांच्या हातावरून हात फिरवला.

३१.

"एकतीसला सगळे गारद?" काका पडद्याकडे बघत म्हणाले.

"सुई दुखली का, काका?"

"सुई नाही दुखली हो. तुम्ही हात फिरवलात ते जरा दुखलं."

त्याच वेळी शेजारच्या खाटेवर ९३ उमटले आणि तिथल्या रुग्णाच्या तीन नातेवाइकांनी टाळ्या वाजवल्या.

तो म्हाळसाकांत येडगे. दोन उमेदवारांतला दुसरा, आणि कायम जागा एकच. सगळे त्याला म्हाळू ब्रदर म्हणायचे. सुकेशिनी तेवढी 'येडगे ब्रदर, तुम्ही' म्हणायची, कारण जवळीक दाखवावी असं तिला त्याच्यात काहीच सापडत नव्हतं. म्हाळू दोन विषय राहून, ते पुन्हा देऊन, शेवटी एकावन्न टक्क्यांनी पास झाला होता. त्याचे तक्ते सुकेशिनी तपासायची आणि दर तक्त्यात एक तरी चूक सापडायची. एकदा त्यानं ताप १०१ ऐवजी ११० लिहिला.

"अहो, एकशे दहाला माणूस जिवंत असतो का?"

"न्हाई वाटतं," म्हाळू म्हणाला. मग खाटेकडे बघून, "पण ह्यो चा पितोय की, सिस्टर."

आणि मग त्या चहा पिणाऱ्याच्या पाठीवर त्यानं हात ठेवला. ९५. त्याचे हात म्हणजे खोऱ्यासारखे. हॉस्पिटलात सगळ्यात मोठे हातमोजे साडेआठ नंबरचे. ते घालताना त्याला दोन माणसं लागायची, एक तो स्वतः आणि एक ओढणारा.

मत्सर ही भावना हलकी आहे असं शाळेत शिकवतात. सुकेशिनीला ती अभ्यासाची वाटली. तिनं वही घातली. 'येडगे हात धुतो : ४० सेकंद. पाणी गार. नंतर हात पँटला पुसतो (चूक).' ती तोच साबण वापरायला लागली. कोमट पाण्याच्या पिशवीवर तळवे शेकायला लागली. घरी डाव्या हातावर फूटपट्टी ठेवून, घड्याळ लावून, सेकंदाला तीन सेंटिमीटर असा उजवा हात फिरवायचा सराव करायला लागली. आठवड्यानं गुण आले : २९.

"तू मोजतेस," सालोमी मॅडम म्हणाल्या. "तुझा हात फिरत नाही, हिशोब फिरतो."

शेवटी तिनं स्वाभिमान कपाटात ठेवला आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच्या समोर बसली. "येडगे ब्रदर, तुम्ही हाताला नक्की काय करता?"

"काय न्हाई ओ." म्हाळूनं भाकरी मोडली. "सकाळी धार काढतो फकस्त."

"धार?"

"म्हशीची. चांदी. ती दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हाई. तिला घाई केलेली कळती, सिस्टर. आपल्या डोक्यात दुसरं काय चाललं असलं तरी कळतं. पान्हा चोरती लगेच. लहानपणापासनं काढतोय, मग तसाच हात झालाय. पेशंटबी त्यातलंच की."

पहिली आलेली मुलगी तीन दिवस विचार करत होती. पुढच्या रविवारी, साप्ताहिक सुट्टीला, ती पहाटेच्या बसनं म्हाळूच्या गावी, बेडगला गेली. पर्समध्ये वॉर्डातून आणलेल्या दोन पट्ट्या होत्या. ही चोरी आहे याची तिला कल्पना होती. प्रयोग म्हटलं की बरं वाटतं.

म्हाळूच्या आईनं तिला बघितलं, मग म्हाळूला बघितलं, आणि भलतीच आशा धरून चहात दुप्पट साखर घातली. "काय करतीस, पोरी?"

"नर्स आहे. धार काढायला शिकायला आले."

आशा तिथंच मावळली. "मोठ्या दवाखान्यात आता धारबी काढत्यात व्हय?"

चांदी गोठ्यात उभी होती. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, बाकी सगळं काळं आणि नाराज. सुकेशिनीनं आधी तिच्या पोटावर पट्टी चिकटवली. म्हशीची कातडी केसाळ, म्हणजे शास्त्रात बसत होतं. म्हाळूनं पाठीवरून हात फिरवला, तोंडानं काहीबाही पुटपुटला, आणि खाली बसून धार काढायला लागला. सुकेशिनीच्या मोबाइलवर आकडा आला : ९७.

मग ती बसली. आठवेल तसं सगळं केलं. तळवे शेकले होते, दाब हलका होता, चाल सेकंदाला तीन सेंटिमीटर होती. चांदीनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. ते बघणं सुकेशिनीला ओळखीचं वाटलं. अकरा मुलाखतींत असंच बघितलं होतं. मग चांदीनं पान्हा चोरला, शेपटी तोंडावर मारली आणि पाय उचलून बादली पालथी केली. मोबाइलवर १२.

"जाऊ दे गं," म्हाळूची आई तिचा चेहरा पुसत म्हणाली. "म्हशीला काय कळतंय, तू पैली आलीयास म्हणून?"

"कळत नाही म्हणूनच तर!" सुकेशिनी म्हणाली, आणि तिला रडू आलं. म्हैस वशिला लावत नाही, म्हैस जात-पात बघत नाही, म्हैस म्हाळूच्या बाजूची आहे असंही म्हणता येईना. कारण दुधाच्या बाबतीत ती कुणाच्याच बाजूची नव्हती. तिनं निव्वळ गुणवत्तेवर नापास केलं होतं.

जुलैत आईच्या पित्ताशयात खडे निघाले. पाटुकल्यांकडेच दाखल केलं. नोकरीवाल्यांना खाट लवकर मिळते. ऑपरेशन झालं, आई शुद्धीवर आली, कण्हायला लागली. सुकेशिनी धावत गेली, आईच्या हातावरून हात फिरवला. एवढ्यासाठी तरी पट्टी काढून ठेवायला हवी होती, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

३३.

कुंभोजकर काकांपेक्षा दोन जास्त. आई म्हणून.

"सुके," आई डोळे मिटूनच म्हणाली, "तो ब्रदर आहे ना गं, येडगे का कोण... त्याला बोलाव की जरा."

"का? मी आहे ना."

"तू आहेस गं. पण तू औषधाची वेळ बघत हात फिरवतेस. सकाळी त्यानं फिरवला तर वाटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे."

म्हाळू आला. "मावशी, काय झालं ओ?" म्हणत खाटेच्या कडेला टेकला आणि खोऱ्यासारखा हात आईच्या दंडावर ठेवला. ९०, ९१, ९४. आईच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या. ती झोपली, आणि झोपेत हसली. सुकेशिनी तेवीस वर्षं त्या बाईची मुलगी होती. तिनं ते हसू पहिल्यांदाच पाहिलं. तेही दुसऱ्याच्या हाताखाली.

ती शांतपणे उठली, हात धुतले, आणि मेट्रनच्या खोलीत गेली.

"मॅडम, एक सुचवायचं होतं. येडगे ब्रदरांचा हात एवढा चांगला आहे, तर तो एकाच माणसापाशी का ठेवायचा? सर्जनच्या हाताची नोंद करून शिकाऊंचा हात तसाच वळवणारे हातमोजे देतात ना, तसे यांच्याही हाताचे करता येतील. सगळ्या रुग्णांना लाभ होईल."

शेवटचं वाक्य तिनं जिन्यात तीन वेळा म्हणून बघितलं होतं. मनातलं वाक्य वेगळं होतं : सगळ्यांकडे त्याचा हात आला, की त्याच्याकडे काय उरेल?

सालोमी मॅडमनी चष्मा काढला. "मला वाटलं होतं तू त्याच्यावर जळतेस. तुझं मन मोठं आहे गं."

सुकेशिनीनं मोठ्या मनानं मान खाली घातली.

कंपनीचा इंजिनियर पुण्याहून आला. तीन आठवडे म्हाळूच्या दोन्ही हातांवर जाळीसारखे तंतू चिकटवून तो वॉर्डभर हिंडला. दोनशे चाळीस रुग्णांवर फिरलेला हात नोंदवला : दाब, चाल, ऊब, मध्येच थांबणं, थांबून पुन्हा सुरू होणं. एक दिवस तो बेडगलाही गेला आणि प्रशिक्षकाचं नाव या रकान्यात 'चांदी' असं लिहून आला.

म्हाळू हरखून गेला होता. "सिस्टर, हे तुमच्यामुळं झालं ओ. आईला सांगितलं मी. म्हणली, त्या पोरीनं तुझं नाव काढलं."

"त्यात काय," सुकेशिनी म्हणाली. तिला पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून हसता आलं, आणि म्हाळूला वाटलं, ही तशी चांगली आहे.

सप्टेंबरच्या मध्याला हातमोजे आले. कांद्याच्या पातीसारखे पातळ. आत हजारो बारीक फुगे. ते फुगतात, बसतात, गरम होतात. घालणाऱ्याची बोटं घाईत निघाली तर मोजा त्यांना मागे धरतो. दाब जास्त झाला तर उचलतो. कुठं थांबायचं तिथं थांबवतो. हात तुमचाच असतो, फिरवतो म्हाळू.

सुकेशिनीनं मोजे घातले आणि पहिल्याच रुग्णाला ९२ पाडले. मग ९४. मग ९१. दुसऱ्याच्या नावाची आमंत्रणपत्रिका चुकून आपल्या घरी आल्यावर बघावी, तशी ती आकड्यांकडे बघत होती.

"सिस्टर, तुमच्या हातात जादू आहे हो," एक आजी म्हणाल्या.

सुकेशिनी 'थँक्यू आजी' म्हणाली आणि आत काहीतरी करपलं. सवतीच्या पोराला आपल्या कडेवर घेऊन लोकांनी त्याचं कौतुक करावं, तसं. आधी म्हाळूचा हेवा वाटायला निदान म्हाळू समोर यावा लागायचा. आता तो मनगटापासून पुढे चोवीस तास होता. ती भात कालवताना बोटांकडे बघायची आणि जळायची. आपल्याच उजव्या हाताचा मत्सर करणारी ती मिरजेतली बहुधा पहिली बाई.

आणि मग ते झालं, जे तिनं मागितलं होतं पण मागताना नीट वाचलं नव्हतं.

शंभर गुण म्हणजे नेमकं काय, हे कंपनीनं आजवर अंदाजानं धरलं होतं. आता अंदाजाची गरज नव्हती. हातमोजा हाच मापदंड ठरला. त्यात म्हाळूचे दोनशे चाळीसमधले सगळ्यात चांगले तीस हात होते, तेच आलटून पालटून. यंत्र नव्यानं जुळवलं. मोजेवाल्या सगळ्या नर्सेस नव्वदीतच राहिल्या. म्हाळूच्या मोठ्या पंजांना यातला कुठलाच मोजा बसत नव्हता, ओढून घातला तर आतले फुगे फुटत, म्हणून तो उघड्या हातानं काम करत होता. त्याला सकाळी एकाहत्तर पडायचे, जेवणानंतर चोपन्न. नऊ नंबरच्या खाटेवरचे बाबा गेले त्या दिवशी चाळीस. मोज्याच्या आयुष्यात नऊ नंबरचे बाबा कधीच जात नव्हते.

सहाव्या महिन्याच्या सरासऱ्या लागल्या. वाघचौरे ९२. येडगे ५८.

मेट्रनच्या खोलीत दोघांना एकदमच बोलावलं.

"नियमाप्रमाणे साठ लागतात," सालोमी मॅडम म्हणाल्या. त्या टेबलाकडे बघत होत्या. "म्हाळू, तू मोजे घातले असतेस तर..."

"बसंनात ओ, मॅडम. साडेआठपत्तुरच हाईत. मला नऊ लागतंय."

"कंपनीला विचारलं मी. नऊ नंबर काढणार नाहीत म्हणाले. त्या मापाचे हात फार कमी."

"पर त्यात हात माझाच हाय न्हवं?"

"हो."

"आन् मला बसंना."

"हो."

म्हाळूनं आपले दोन्ही पंजे उलटेसुलटे करून बघितले. मग त्याला हसू फुटलं, गदागदा हसला, आणि हसता हसता डोळे पुसले. "चांदीला सांगितलं पायजे. तिची शिकवणी लईच चांगली झाली म्हनं." मग सुकेशिनीकडे वळून त्यानं हात जोडले, कारण 'स्पर्शमुक्त' झाल्यावर शेकहँडची तरी परवानगी आहे की नाही हे त्याला कळेना. "सिस्टर, अभिनंदन. माझा हात जपा."

एवढं बोलून तो तळघरात गेला.

तर आता ते पत्र पाकिटातून बाहेर काढायला हरकत नाही. पेढेही वाटले गेले. सुकेशिनीनं एक खाल्ला. तो पेढ्यासारखा लागला, तक्रार करावी असं त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्युटी संपवून ती घरी आली. आईचे गुडघे दुखत होते. सुकेशिनी खाली बसली आणि तेल न लावताच गुडघे चेपायला लागली. आईनं डोळे मिटले. मग म्हणाली, "आज घाई नाही गं तुला."

सुकेशिनीनं खाली बघितलं. मोजे काढायचे राहिले होते. इतके पातळ की आठवतच नाहीत.

ती थांबली. मोजे सोलून बाजूला ठेवले, आणि उघडे हात पुन्हा आईच्या गुडघ्यावर ठेवले. ते जरा गार होते, जरा जास्त दाबत होते, आणि गुडघ्याची गोळी दोनला द्यायची की तीनला, हा विचार त्यांच्यात स्पष्ट फिरत होता.

आई डोळे न उघडता "आई गं" म्हणाली. मग म्हणाली, "हं. आत्ता आलीस होय?"

सुकेशिनी चेपत राहिली. आई कण्हत राहिली, पण पाय मागे घेतला नाही.

त्या आठवड्यात ती रोज जेवणाच्या सुट्टीत दोन मजले उतरून तळघरात जायला लागली. काचेपलीकडे म्हाळू माइकसमोर बसलेला असायचा. "व्हय आजी, येत्यात सिस्टर, आलंच पाणी," असं म्हणताना त्याचे हात टेबलावर आपोआप हलायचे, कुणाच्या तरी पाठीवरून फिरल्यासारखे, आणि कुठल्याही पडद्यावर काहीही उमटत नसे. सुकेशिनी काचेबाहेर डबा उघडून बसायची. त्या हातांना कुणी गुण देत नव्हतं. ते चुकत होते, थांबत होते, नको तिथं वळत होते, आणि ते त्याचे स्वतःचे होते. इतका हेवा तिला त्याला ९५ पडायचे तेव्हाही वाटला नव्हता.

दहाव्या दिवशी तिनं अर्ज केला. तो पाटुकले हॉस्पिटलाच्या आवक विभागात नोंद होऊन आजही सुरक्षित आहे :

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
पाटुकले हॉस्पिटल, मिरज.

विषय : स्वतःच्या हाताने रुग्णसेवा करू देण्याबाबत व श्री. येडगे यांच्या पदस्थापनेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करते, की मला रोज एका रुग्णास हातमोजा न घालता स्पर्श करण्याची परवानगी मिळावी. सदर रुग्णास विशेष बरे वाटणार नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. त्याची आगाऊ कल्पना रुग्णास लेखी देण्यास मी तयार आहे.

तसेच श्री. म्हाळसाकांत येडगे यांच्या नोंदणीवरील 'स्पर्शमुक्त' शिक्का रद्द करून त्यांना उघड्या हाताने माझ्याच वॉर्डात, माझ्याच पाळीत, शक्यतो शेजारच्या खाटेवर नेमण्यात यावे. सध्या मला त्यांचा हेवा करण्यासाठी दोन मजले खाली जावे लागते, जेवणाची सुट्टी त्यास अपुरी पडते, व त्याचा परिणाम रुग्णसेवेवर होत आहे.

तरी मेहेरबानांनी सहानुभूतीपूर्वक विचार करून योग्य ते आदेश तातडीने निर्गमित करावेत, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
सुकेशिनी वाघचौरे
स्टाफ नर्स (कायम)